गेम खेळायलाच घेतलेलं मशीन

"कोणी आहे का?"

माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून गिऱ्हाईक हे विचारायचं. मी समोरच. स्टुलावर बसलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर, पुढ्यात उघडं कॅबिनेट. आणि हा माणूस माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत विचारतोय, कोणी आहे का! पहिली दोन वर्षं मी सरळ उत्तर दिलं, "मी आहे, बोला." पुढे मात्र डोकं फिरायला लागलं. एका बँकेतल्या साहेबांना मी म्हटलं, "कोणी नाही हो, भूत बसलंय." ते तरातरा निघून गेले. चार दिवसांनी परत आले, कारण त्यांनी कोल्हापूरहून आणलेल्या मशीनला रत्नागिरीत दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं.

संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार म्हणजे कुणाला गमतीदार, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा मला जे लिहायचंय ते मी लिहिते.

१९९८ साली मी मारुती मंदिरच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर जोडून विकायला लागले. त्याच गाळ्यात वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे सोल्डरिंगच्या धुरात मी वाढले, आणि तो वास मला अजून आवडतो, त्याला मी तरी काय करू? वडिलांच्या मागे भाऊ पुण्याला नोकरीत, म्हणून गाळा विकायचं ठरत होतं. मी म्हटलं, विकायचा नाही, मी चालवते. सगळ्यांनी सांगितलं की चार महिन्यांत शटर ओढशील. अकरा वर्षं चालवलं. शेवटी लॅपटॉपने गिऱ्हाईक पळवलं तेव्हा मी माझ्या हाताने बंद केलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

जोडलेलं मशीन म्हणजे काय, हे आताच्या लोकांना सांगावं लागतं. तेव्हा कंपनीचं तयार मशीन महाग असे. म्हणून आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचो आणि जोडायचो. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळं बसतं तो पाट. रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, आणि हे सगळं ज्यात कोंबायचं ते पत्र्याचं कॅबिनेट. जोडायला दीड तास पुरे. खरं काम त्याच्या आधीचं. गिऱ्हाईकाच्या खिशात आहे तेवढ्यात कुठे सढळ व्हायचं आणि कुठे हात आखडायचा, हे ठरवणं म्हणजे आमची विद्या. जोडणं कुणालाही शिकवता येतं.

आणि त्यासाठी मशीन कशाला हवंय ते कळायला हवं. तिथेच सगळे खोटं बोलायचे. "मुलांच्या शिक्षणासाठी." दहातल्या दहा जणांचं हेच. मूल बालवाडीत असलं तरी शिक्षणासाठी. महिनाभरात तेच गृहस्थ दुकानात येऊन घुटमळायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि हळूच विचारायचे, "ते गाड्यांच्या शर्यतीचं जरा अडकत चालतं हो. काही करता येईल?" वेळणेश्वरचे एक पोक्त गृहस्थ तर मशीन धापा टाकतंय म्हणून मला एसटीने घेऊन गेले. बघते तर कॅबिनेटवर प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर क्रोशाचा रुमाल, वर फुलदाणी, आणि मशीन चालू! खारं वारं लागू नये म्हणून म्हणे. पडद्यावर पत्ते मांडलेले होते, अर्धा डाव झालेला. मी कव्हर काढलं आणि डावाबद्दल अवाक्षर बोलले नाही.

तर अशा गावात, २००५ च्या दिवाळीआधी, इरफान माझ्या दुकानात आला.

जयगडच्या अलीकडे खाडीकाठी त्याचं गाव. मालवाहू जहाजावर इंजिनाकडे काम करायचा, दहा महिने बाहेर, दोन महिने घरी. आत आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन हवंय. गेम खेळायला."

सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. मी खूश झाले.

"कोण खेळणार? तुम्ही?"

"नाही. बायको. नसीमा."

मी हसले. कबूल करते, हसले. मला वाटलं, याला स्वतःला खेळायचंय आणि घरच्यांपुढे बायकोचं नाव पुढे करतोय. तो मात्र अगदी गंभीर होता. त्याने सगळं सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी नसीमा त्याचा ई-मेल बघायला रत्नागिरीत सायबर कॅफेत यायची. कनेक्शन लागायला पाऊण पाऊण तास. तेवढ्या वेळात शेजारच्या मशीनवर कॉलेजची पोरं किल्ल्यांवर चढाईचा एक गेम खेळायची, तो ही बघायची. एक दिवस म्हणाली, मला द्या. महिन्याभरात एकही पोरगा तिच्यापुढे टिकेना.

"जहाजावर आम्ही सगळे खेळतो," इरफान म्हणाला. "तिथे माझा पहिला नंबर. घरी आलो की ही मला अर्ध्या तासात चारी मुंड्या चीत करते. कॅफेत किती दिवस जाईल? येताजाता तीन तास एसटीत. मी नसतो तिथे दहा महिने. तिला घरी हवं."

पस्तीस हजार होते त्याच्याकडे. घरगुती मशीनच्या दीडपट, पण खऱ्या गेमच्या मशीनला अपुरे. मधलं बजेट. मधलं बजेट सगळ्यात कठीण, हे कुठल्याही जोडणाऱ्याला विचारा. पैसे कमी असले की निवडायला काही नसतं, भरपूर असले की निवडावं लागत नाही. मधल्यात प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या तोंडातला घास काढते.

मी कागद ओढला. प्रोसेसर वरून दुसरा नको, तिसरा पुरे. गेमला त्याहून महत्त्वाचं ग्राफिक्स कार्ड. चित्र रंगवण्याचं काम ते करतं, म्हणून पैसा तिथे ओतायचा. रॅम एक जीबी, तेव्हा ती चैन होती. हार्ड डिस्क छोटी चालेल. मॉनिटर सतरा इंची, जुन्या पद्धतीचा, पाठीमागे पोट असलेला. यूपीएस हवाच, आमच्याकडे वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही. बेरीज पस्तीसच्या वर जायला लागली. मग मी एक ओळ खोडली. वेगळा एसएमपीएस.

एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेटच्या मागच्या बाजूला असलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घेऊन प्रत्येक भागाला झेपेल तेवढी वाटून देतो. कॅबिनेट घेतलं की त्यात एक फुकट बसवलेला येतो. त्याच्यावरच्या लेबलवर चारशे वॅट लिहिलेलं असतं, आणि ते लेबल छापणाऱ्याला वॅट म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं नाही. लॅमिंग्टन रोडवर जुने लोक एसएमपीएस वाचत नाहीत, हातात घेऊन जोखतात. जड असला तर आत तांबं-लोखंड आहे, हलका असला तर हवा आहे. मलाही तेच शिकवलं होतं. चांगला जड घ्यायचा तर दोन-अडीच हजार जास्त जात होते, आणि तेवढ्यात कार्ड एक पायरी वर सरकत होतं. कार्डाचं नाव गिऱ्हाईक चार लोकांत सांगतं. एसएमपीएसचं कोण सांगणार?

"एकदा तिला विचारू या," इरफान म्हणाला आणि दुकानातल्या फोनवरून घरी फोन लावून त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी मनात म्हटलं, आता मॉनिटरचा रंग विचारतील.

"मॅडम, कार्ड कुठलं घालताय?" पलीकडून शांत आवाज. मी सांगितलं. "चांगलं आहे. आणि पॉवर सप्लाय? वेगळा घेताय की कॅबिनेटमधलाच?"

सांगते काय म्हटलं मी. मी म्हटलं, "ते तुम्ही माझ्यावर सोडा. त्यातलं तुम्हाला नाही कळायचं."

अकरा वर्षांत हेच वाक्य पुरुषांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, त्याची मोजदाद नाही. आणि मी ते एका बाईला ऐकवलं, तेही तिने बरोबर बोट ठेवलेलं असताना.

"बरं," ती म्हणाली.

आठवड्याने मी मशीन घेऊन त्यांच्या घरी गेले. चिऱ्याचं घर, पुढे खळं, मागे उतारावर माड आणि खाली खाडी. नसीमा माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, किडकिडीत, डोक्यावर ओढणी, चष्मा. मशीन चालू झाल्यावर तिने हातांवर फुंकर मारली, माउस धरला, आणि दहा मिनिटांत पडद्यावर तट कोसळायला लागले. सासू दारात बसून कोळंबी सोलत होती. तिला सगळे चाची म्हणायचे, मीही म्हटलं. तिने वर बघितलं आणि मला विचारलं, "ही कोणाचा किल्ला पाडते गो?"

"कोणाचाच नाही चाची, खोटा आहे."

"मग पाडूंदे," म्हणाली आणि परत कोळंबीकडे वळली.

घरात चौथा माणूस म्हणजे मुश्ताक, इरफानचा मोठा भाऊ. बोटींना बर्फ आणि डिझेल पुरवायचा. तो उंबऱ्यावर उभा राहून सगळं बघत होता. "पस्तीस हजार भावाने पाण्यात घातलेन," एवढंच बोलला. पुढच्या आठवड्यात इरफान जहाजावर गेला.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी नसीमाचा फोन. "ताई, मशीन मधेच बंद पडतं. आपोआप. परत सुरू होतं."

मी म्हटलं, वीज कमी-जास्त होत असेल. दोन दिवसांनी परत फोन. मी म्हटलं, तुमच्याकडे शेजारी पाण्याचा पंप आहे ना, तो लागला की होत असेल. परत फोन. मी म्हटलं, तापत असेल, कॅबिनेट भिंतीपासून लांब घ्या. मग धूळ. मग वायरिंग. मी एकेक कारण काढून देत होते आणि ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. शेवटी मी म्हटलं, "तू जरा कमी वेळ खेळून बघ. दोन तासांवर नको."

या वेळी ती बरं म्हणाली नाही.

"ताई, हे मशीन खेळायला घेतलंय. दोन तास खेळायचं असतं तर कॅफेत होतेच की मी."

मी फोन ठेवला आणि चहा प्यायला गेले. खरं कारण मला ठाऊक होतं. मशीन हिशेब लिहिताना बंद पडत नाही, चित्रपट लावला तर पडत नाही, गेम रंगात आला की पडतं, एवढं एका फोनवर ऐकलं की कुठल्याही जोडणाऱ्याला कळतं की डबा हलका आहे. पण मी तो खोडला होता, तिने विचारल्यावरही. आणि या गावात एखाद्या पुरुषाचं मशीन बिघडलं तर मशीन बिघडतं. माझं बिघडलं तर बायकांना यातलं कळत नाही, असं होतं. सात वर्षं मी एकही मशीन परत येऊ दिलं नव्हतं, आणि तो विक्रम मला सोडवेना. म्हणून मी मूग गिळून बसले होते.

बुधवारी तिचा पुन्हा फोन आला. आवाज तसाच शांत, पण बारीक झालेला. "मुश्ताकभाई म्हणतात, नाहीतरी बंदच पडतं, बाईच्या हातात दिलं की हेच होणार. माझ्या ऑफिसात बिलं करायला नेतो म्हणाले. तिथे बंद नाही पडायचं. उद्या दुपारी टेम्पो आणणार आहेत."

"इरफानला सांगितलंस?"

"तो समुद्रात आहे. पंधरा दिवस मेल नाही." मग म्हणाली, "ताई, माझं आहे हो ते."

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी निघाले. पिशवीत हत्यारं, मीटर, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक एसएमपीएस. जड. तो मी मुंबईहून दुसऱ्या कुणासाठी मागवला होता. पण मनात अजून वाटत होतं, न बोलता बदलून टाकीन, जरा धूळबीळ होती म्हणून सांगीन, काम झालं. एसटीत बसून तेच घोळवत होते.

घरी पोचले तर चाची खळ्यात वाल निवडत बसलेली. नसीमा मला आत घेऊन गेली. मशीन चकचकीत पुसलेलं, आणि शेजारी एक लांबट वही. मी कॅबिनेटकडे वळणार तोच तिने वही माझ्या हातात दिली.

"आधी हे बघा."

मी उघडली. रेघा मारून रकाने केलेले. तारीख. वेळ. मशीनवर काय चालू होतं. सुरू करून किती वेळ झाला. दिव्याचा उजेड. पंप. यूपीएस. शेवटच्या रकान्यात, काय झालं.

"हे काय गं?"

"माझे वडील तांडेल होते, मासेमारीची बोट चालवायचे, नंतर किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या कोस्टरवर गेले. आमच्या घरी सगळ्याची नोंद व्हायची. बोटीवर नोंद नसेल तर झालंच नाही असं धरतात. कोण खोटं बोलतंय आणि कोण चुकलं, ते पुढे वहीतच सापडतं." हे ती टोमणा मारायला बोलली नाही. टोमणा मला बसला तो बसलाच.

मी वाचत गेले. सोमवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. किल्ल्याची मोठी लढाई. सुरू करून बावीस मिनिटं. दिवा नेहमीसारखा. पंप बंद. यूपीएस वाजला नाही. मशीन बंद. मंगळवार. मोठी लढाई. चौदा मिनिटं. पंप चालू. यूपीएस वाजला नाही. मशीन बंद. बुधवार. लग्नाची सीडी लावली, साडेतीन तास. पंप चालू. मशीन बंद पडलं नाही. पुढे कॅबिनेट भिंतीपासून हातभर लांब. मग झाकण उघडून समोर टेबल फॅन. मग आतली धूळ ब्रशने काढून. मी फोनवर सांगितलेला प्रत्येक बहाणा तिने इमानदारीत करून बघितला होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, मशीन बंद. दोन तासांचासुद्धा. "सुरू करून अकरा मिनिटं. मशीन बंद."

वीज दचकली असती तर यूपीएस चीं चीं करून ओरडला असता. तो एकदाही वाजला नव्हता. म्हणजे वीज दोषी नाही, पंप नाही, तापणं नाही, धूळ नाही, ती तर नाहीच. पाच पानं वाचून झाल्यावर उरलं काय? मी.

बाहेर टेम्पोचा आवाज आला. मुश्ताक आत आला, पाठोपाठ चाची. "आलात का मॅडम? बरं झालं. सोडवून द्या, वायरी आमच्याकडून नीट निघायच्या नाहीत." मग नसीमाकडे बघत, पण मला उद्देशून म्हणाला, "मशीनचा दोष नाही हो. दिवसभर घुमवलं तर काय होणार? हे बायकांच्या हातात द्यायचं कामच नाही."

तो मला वाट काढून देत होता. चांगली रुंद वाट. मशीनचा दोष नाही, म्हणजे माझाही नाही. मान डोलावली असती तर माझी सात वर्षं साफ राहिली असती. मशीन टेम्पोत गेलं असतं, त्याच्या ऑफिसात बिलं करताना एकदाही बंद पडलं नसतं, आणि सगळ्या पंचक्रोशीत सिद्ध झालं असतं की बाईच्या हातात दिलं म्हणून बिघडलं होतं. अगदी वैज्ञानिक पुराव्यासकट.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच्यावर थोडी, माझ्यावर जास्त.

"मुश्ताकभाई, मशीनचा दोष आहे," मी म्हटलं. "आणि तो दोष मी घातलाय. हिने मला फोनवर विचारलं होतं की पॉवर सप्लाय चांगला घालताय ना. मी हिला गप्प केलं आणि हलका घातला. कार्ड जोरात चाललं की त्याला वीज पुरत नाही, तो मान टाकतो. तुमच्या बिलांना कार्ड लागत नाही, म्हणून तुमच्याकडे बंद पडणार नाही. हिची काही चूक नाही. हिच्याएवढं नीट मशीन वापरणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही."

तो गडबडला. मग त्याने हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे तुम्हालाच यातलं कळत नाही म्हणा की!"

"चुकतो तो माणूस. पुरुषांची मशीनं परत येतात तेव्हा तुम्ही काय म्हणता? पुरुषांना कळत नाही म्हणता? बघा कसं वाटतं म्हणून."

चाची एकदम हसली. मोठ्याने. मग पदराने तोंड पुसत मुश्ताकला म्हणाली, "तुझा बाप चाळीस वर्षं दर्यावर होता. तो नसायचा तेव्हा मी काय करायची, कोणी विचारलान का कधी? भिंतीकडे बघायची. माझ्या पोरानं हिला खेळायला आणलान ना? मग खेळूंदे. तुझी बिलं तू हातानं लिही, शाळेत गेलेला आहेस ना?"

मी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. आधी जुना डबा सोडवला आणि दोन्ही नसीमाच्या हातांत दिले, एकेका हातात एकेक. तिने जोखून बघितले, हलका बाजूला ठेवला आणि जड माझ्याकडे दिला. मुश्ताकनेही ते दोन्ही उचलून बघितले. डिझेलची पिंपं जोखणारा माणूस तो, त्याला वजन कळतं.

वीस मिनिटांत मी बसवला. झाकण लावणार एवढ्यात नसीमाने वही पुढे केली, वर पेन ठेवून.

"ताई, जहाजावर ज्याने दुरुस्ती केली तो नोंद करतो आणि सही करतो. काय बदललं, का बदललं."

खरं सांगते, तोंडाने बोलणं सोपं होतं. बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहायचं माझ्या जिवावर आलं. सगळे बघत होते. मी शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं, "एसएमपीएस बदलला. आधीचा हलका होता. वापरणाऱ्या व्यक्तीने पूर्वसूचना दिली होती. चूक जोडणारीची." खाली पूर्ण सही केली, दुकानाच्या शिक्क्याविना, कारण शिक्का रत्नागिरीत होता. नाहीतर तोही मारला असता.

ती वही मुश्ताकने वाचली. त्यानेच पुढे जयगडपासून रत्नागिरीपर्यंत सांगितलं असणार, कारण आठवड्यात माझ्या गल्लीतल्या दोन कॉम्प्युटरच्या दुकानदारांनी मला हसत हसत विचारलं, काय, हलका डबा घातला म्हणे! मी म्हटलं, हो घातला. तुम्ही दर महिन्याला घालता ते कधी लिहून देताय? त्या दिवसापासून मी यादी करताना सगळ्यात पहिली ओळ एसएमपीएसची लिहायला लागले, आणि मशीन ज्याला वापरायचंय त्याला, तिला, समोर बसवल्याशिवाय कागद ओढत नसे. दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेली. गेली तर गेली.

पण हे नंतरचं. त्या दुपारी मुश्ताक म्हणाला, "चालतंय ते बघूनच जातो." टेम्पो खळ्यात उभा. नसीमाने हातांवर फुंकर मारली आणि मोठी लढाईच लावली. अकरा मिनिटं झाली. चौदा झाली. बावीस झाली. मी घड्याळ बघत होते. चाचीने मध्येच चहा आणि भाकरी-सुकट आणून ठेवली, ती मी उभ्यानेच खाल्ली. तास झाला. कार्डाचा पंखा घों घों करत होता, पडद्यावर तटामागून तट पडत होते. दीड तासाने मुश्ताक उठला. टेम्पो रिकामा गेल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला. नसीमाने मागे वळून बघितलं नाही, तिच्या डाव्या बाजूने कुणीतरी चाल करून येत होतं.

साडेतीन तास ती खेळली. माझी पाचची एसटी चुकली आणि मी चुकू दिली. शेवटचा बुरूज पडला तेव्हा तिने चष्मा काढला, डोळे चोळले. मग माउस सरकवून स्वतः मशीन बंद केलं. पंखा हळूहळू थांबला. तिने वही ओढली, माझ्या सहीखाली रेघ मारली, आणि रकाने एकेक करून भरले. तारीख. वेळ. मोठी लढाई. पंप चालू. यूपीएस वाजला नाही.

आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, "मशीन बंद पडलं नाही. मी केलं."